ब्लूटूथची ओळखदेख

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें हल्लीं एक नवाच घोटाळा होऊं लागला आहे. सूनबाई माजघरांत बसून माहेरीं फोन करते, आणि तिच्या आईचें बोलणें दिवाणखान्यांतील स्पीकरमधून सर्व मंडळींस ऐकूं येतें! यांत भुताटकी कांहीं नाहीं. फोनानें एक जुनी ओळख स्मरली, इतकेंच. ही ओळख जुळविणाऱ्या ब्लूटूथचा स्वभाव वाचकांनीं समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत १९९४ सालीं ह्या कामास आरंभ झाला. निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें एकमेकांस जोडावीं, हा हेतु; म्हणून डेन्मार्क एकछत्री करणाऱ्या दहाव्या शतकांतील हाराल्ड ब्लूटूथ राजाचें नांव त्यास मिळालें. फोन व कर्णयंत्र यांमधील ह्या रेडिओलहरींस इंटरनेट लागत नाहीं. घरगुती यंत्रांत त्या साधारणतः दहाएक मीटर पोंचतात. भिंत आड आल्यास पल्ला घटतो.

दोन यंत्रांची पहिली गांठ घालणें म्हणजे 'पेअरिंग'. पुष्कळदां दोन्ही पडद्यांवर सहा अंकी संख्या उमटते. ती दोहींकडे एकच असल्याची खात्री केल्यावांचून संमति देऊं नये. मध्यें कोणी तिऱ्हाईत शिरला नाहीं, ह्याची ती खूण होय. आपण न मागतां आलेली विनंति तर सरळ नाकारावी. एकदां संमति मिळाली कीं, दोन्ही यंत्रें एक गुप्त किल्ली जपून ठेवतात, आणि पुढें जवळ येतांच बहुधा न विचारतां जुळतात. सूनबाईची फजिती होते ती यामुळेंच. तिनें फोनाच्या सेटिंग्जमध्यें त्या स्पीकरच्या नांवापुढील 'फोन कॉल' ही सोय बंद करावी, म्हणजे भजनें तेवढीं स्पीकरवर जातील. अशी निराळी सोय नसेल, तर बोलतांना पडद्यावरून आवाज फोनाकडे वळवून घ्यावा.

याहून जपावें तें भाड्याच्या मोटारींत. तेथें फोन जोडतांना संपर्क व कॉलचा इतिहास पाहण्याची परवानगी मागितली जाते. ती दिल्यास आप्तेष्टांचीं नांवें व नंबर मोटारीच्या यंत्रांत उतरूं शकतात. गाणीं ऐकण्यास त्या परवानगीची गरज नसते. मोटार सोडतांना फोनांतून तिचें नांव पुसून भागत नाहीं. मोटारीच्या यादींतूनहि आपला फोन काढावा लागतो.

महिन्याकांठीं प्रत्येकानें आपल्या फोनांतील जोडलेल्या यंत्रांची यादी वाचावी व अनोळखी नांवें काढून टाकावीं. मात्र वडील माणसांचीं श्रवणयंत्रेंहि आतां पुष्कळदां ह्याच मार्गानें फोनास जोडलेलीं असतात. तेव्हां आजोबांच्या फोनांतील कोणतेंहि नांव पुसण्यापूर्वीं तें कशाचें आहे, हें त्यांस अवश्य विचारावें.