आधी बोर उघडा, मग बाटली



संक्रांत आली की बोरन्हाणाची आमंत्रणं सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग आपला जुना प्रश्न: "तुमच्यात बोर खातात का हो?" काही घरांत बोर तुच्छ फळ म्हणून वर्ज्यच आहे. आमच्या सासूबाईंची शिस्त निराळी. खायचं, पण प्रत्येक बोर नखाने उघडून, उजेडाला धरून, बीभोवती नीट बघून. अळी निघाली तर ते बोर हळूच झाडाखाली सावलीत ठेवायचं. जीव आहे, जगू दे.

आज लिहायचं आहे ते परसातल्या याच झाडाबद्दल. मागच्या कार्तिकात त्याच्या कोवळ्या बोरांवर पांढरं काहीतरी दिसलं. "कीड पडली वाटतं," एवढंच मी म्हणाले. दीर शेतावरून येताना पंप घेऊन आले आणि फवारून मोकळे झाले. झाडावर थोडा फुलोरा अजून होता. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना केरसुणीत मेलेल्या मधमाश्या आल्या. माझा हात तिथेच थांबला. दीड-दोन महिन्यांपूर्वीच तर दशलक्षण पर्व संपवून सगळ्या जीवांची क्षमा मागितली होती.

आणि पांढरं? ते आठ दिवसांनीही तसंच. शेतकी शिकणारी भाची आली, तिने एक बोर बोटाने पुसलं आणि म्हणाली, "मामी, ही भुरी आहे. बुरशी. हिच्यावर कीटकनाशकाचा काय उपयोग?"

म्हणजे ज्याला मारायला निघालो तो किडा तिथे नव्हताच. आणि ज्या मेल्या त्यांनी आमचं काहीच बिघडवलं नव्हतं.

आपण शेतकरी घरातल्या बायका. "शेतीतली हिंसा उद्योगी, ती श्रावकाला पूर्ण टळत नाही," हे आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि ते खरंही आहे. द्राक्षबागेवर घर चालतं. पण परसातलं बोराचं झाड हा काही आपला उद्योग नाही, ती हौस आहे. तिथे ही सवलत मागायला मला लाज वाटते. शिवाय उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद धरला आहे. काय आहे ते न बघता फवारणं, याहून मोठा प्रमाद कोणता? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कीड ओळखणं हे नुसतं शेतीचं ज्ञान नाही, ते आपलं व्रत पाळण्याचाच भाग आहे.

ओळखायचं कसं? भाचीने शिकवलं ते सांगते.

कोवळ्या फळावर, पानांवर पिठासारखा थर, बोटाला लागतो, हालचाल नाही: ती भुरी. छाटणी करून झाडात ऊन-वारा खेळता ठेवावा, लागलंच तर पाण्यात विरघळणारं गंधक. बुरशीही जीवच, पण एकेंद्रिय. तिच्यासाठी चतुरिंद्रिय मधमाशी मारायचं कारण नाही.

फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, चिकटपणा आणि मुंग्यांची ये-जा: तो पिठ्या ढेकूण. इथे फार सावध. त्याला खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळीसुद्धा तशीच पांढरी, केसाळ दिसते. ती भराभर चालते. आपण नेमकी तिलाच पुसून टाकतो.

बोर उघडल्यावर गरात पांढुरकी, पाय नसलेली अळी: ती फळमाशीची. माशी घरमाशीहून लहान, पंखांवर पट्टे. फळ वाढत असताना ती सालीखाली अंडी घालते. अळी तांबूस, डोकं आणि पाय असलेली, बीभोवती विष्ठा साठलेली: ती फळ पोखरणारी अळी, पतंगाची.

फळमाशीची कथा ऐकून सासूबाई गप्पच झाल्या. अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर पडते, झाडाखालच्या मातीत शिरून कोष करते आणि पुढच्या हंगामात त्यातून माशी निघते. आपण दयेने झाडाखाली ठेवलेलं प्रत्येक किडकं बोर म्हणजे पुढच्या वर्षीच्या किडीची पेरणीच.

यंदा आम्ही असं केलं. उन्हाळ्यात झाड चांगलं छाटलं, म्हणजे ते हाताच्या उंचीत राहिलं. बोर नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे नुकसान नाही. फुलं मधमाश्यांसाठी उघडी ठेवली. फळ धरून वाटाण्याएवढं व्हायच्या आत हाताला येणाऱ्या फांद्यांना जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या घालून तोंडं बांधली. अख्ख्या झाडावर जमिनीपर्यंत जाळी टाकू नका, मातीतल्या माश्या आतच निघतील. बोरं रंग बदलताच उतरवली. पडलेली रोज वेचली आणि किडकी शेताच्या पार टोकाला, जिथे बोर नाही, तिथे सावलीत नेऊन ठेवली.

शेतकीवाले किडकी फळं नष्ट करायला आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून कोष उन्हात आणायला सांगतात. ते लागू पडतं, पण ते जाणूनबुजून मारणं आहे. माझ्याने होत नाही. त्याची किंमत म्हणून वरच्या, न बांधलेल्या फांद्यांची बोरं यंदाही किडली. ती मी सोडून दिली.

"जैनांनी झाडाला हातच लावू नये," असं एक काकू म्हणाल्या. पण मग बोर बाजारातून येणार, आणि फवारणी दुसऱ्याच्या हातून होणार. माझ्या ताटातलं पाप त्याने कमी होतं असं मला वाटत नाही.

परवा शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला मी पिशव्यांतली बोरं टोपलीभर दिली. सासूबाईंनी तरीही सवयीने दोन-चार उघडून बघितलीच. अळी निघाली नाही.

तुमच्या परसात काय लावलंय? आणि त्यावर काय दिसतंय? फवारण्याआधी एकदा नीट बघा, आणि मला जरूर कळवा.