लष्कराच्या भाकऱ्या आणि उतरलेले कपडे

विनावेतन कामाबद्दल बोलायचे झाले तर मराठीत दोनच सूर सापडतात. एक व्रताचा. तिथे माणूस ‘वाहून घेतो’, ‘झिजतो’, ‘चंदनासारखा’ वगैरे. दुसरा लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा. तिथे तोच माणूस घरच्यांच्या दृष्टीने खुळा ठरतो. मधल्या जागेत शब्द नाहीत असे नाही, पण प्रत्येकाला काही ना काही चिकटलेले आहे. ‘स्वयंसेवक’ म्हटले की गणवेश आठवतो, ‘कार्यकर्ता’ म्हटले की झेंडा, आणि ‘श्रमदान’ म्हटले की फावडे, घमेले व एक छायाचित्रकार. आठवड्यातून दोन दुपारी तीन-तीन तास कुणाच्या तरी उपयोगाचे साधे काम करणारा आणि त्यातून स्वतःलाही काही मिळावे अशी अपेक्षा बाळगणारा जो माणूस, त्याला आपल्या भाषेत नाव नाही.

हे सुचण्याचे निमित्त एका माजी विद्यार्थिनीचे. मराठी घेऊन एम. ए. केले, लग्न झाले, दहा वर्षे घर आणि मुले. आता वय छत्तीस. मुले शाळेत जातात. अर्ज केला की ‘मधली वर्षे काय करत होता?’ असे विचारतात आणि पुढे काही विचारत नाहीत. बी. एड. करू का, असे तिने विचारले. मी तोंडदेखले ‘कर’ म्हटले. पण तेव्हापासून डोक्यात आहे ते इंग्लंडमधले धर्मादाय दुकान.

वाचकांपैकी अनेकांनी ते इंग्रजी कादंबऱ्यांतून पाहिले असेल. लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकून एखाद्या संस्थेसाठी पैसा उभा करणारे दुकान. नाझींच्या ताब्यातील ग्रीसमध्ये दुष्काळ पडला असताना १९४२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एक मदत समिती स्थापन झाली, तीच पुढे ‘ऑक्सफॅम’ म्हणून प्रसिद्धीस आली. चाळीसचे दशक संपता संपता ब्रॉड स्ट्रीटवर तिचे दुकान सुरू झाले. आज ब्रिटनमध्ये निरनिराळ्या संस्थांची अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. तिथे न खपलेल्या लोकरी कपड्यांचा काही भाग फिरत फिरत आपल्या पानिपतात येतो आणि तिथे त्याच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढले जाते. तेव्हा या दुकानांशी आपला काहीच संबंध नाही असेही नाही.

या दुकानात व्यवस्थापक बहुधा पगारी असतो, बाकीची माणसे विनावेतन. निवृत्त माणसे येतात, विद्यार्थी येतात, आणि आजारपणातून उठलेली, नोकरी गेलेली, संसार मोडलेली तिशी-चाळिशीतली माणसेही येतात. काम काय, तर मागच्या खोलीत पिशव्या उघडायच्या, फाटके बाजूला काढायचे, बटणे मोजायची, वाफेची इस्त्री करायची, किमतीची चिठ्ठी लावायची, आणि मग पुढे येऊन गल्ल्यावर उभे राहायचे. मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. आयुष्य मध्येच तुटलेल्या माणसाला सर्वांत अवघड प्रश्न असतो ‘सध्या काय करता?’ हा. गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो कुणी विचारत नाही. ‘हा केवढ्याला?’ एवढेच विचारतात, आणि त्याचे उत्तर त्याला माहीत असते.

मग असे दुकान आपल्याकडे का रुजले नाही? आपल्याला जुन्या वस्तूंचे वावडे आहे म्हणून, हे उत्तर खोटे आहे. दारावर येणारी बोहारीण कुणाला आठवत नाही? जुन्या साड्या, पँटी यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले. त्या घासाघिशीत आपल्या आया जितक्या रंगत तितक्या क्वचितच कशात रंगत असतील. पुण्याचा जुना बाजार आहेच. आमच्या कुसगावापुरते बोलायचे तर एका अंगाला द्रुतगती मार्ग, टेकडीकडे महाविद्यालयांचे संकुल, आणि अवतीभवती मुंबई-पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले. बंगल्यातला सोफा बदलला की जुना राखणदाराच्या घरी जातो. परीक्षा आटोपून मुले गावी निघाली की गाद्या, बादल्या, विजेच्या किटल्या खोल्यांवर काम करणाऱ्या बायकांकडे जातात. वस्तू फिरतात, पण त्या नेहमी वरून खाली फिरतात. घेणाऱ्याने ‘नको, याचा पाय मोडका आहे’ म्हणायचे नसते.

खरी अडचण इथे आहे. वापरलेल्या कपड्याला मराठीत ‘उतरलेला’ म्हणतात. तो कुणाच्या अंगावरून उतरला आणि कुणाच्या अंगावर चढला याला आपल्या समाजात हजारो वर्षांचा नियम होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळांच्या वाट्याला तर प्रेतावरची वस्त्रे ठेवली आहेत. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना त्यांच्या पेहरावाविषयी मुद्दाम सांगितले. लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, हा त्या बोलण्याचा विषय होता. वर्गात हा प्रसंग शिकवताना मुलांना वाटते की एवढ्या मोठ्या लढ्यात हा तपशील किरकोळ आहे. तो मुळीच किरकोळ नव्हता. वस्त्र हे सामाजिक विधान होते आणि बाबासाहेबांनी ते विधान बदलायला सांगितले. दलित आत्मकथनांत मागून आणलेल्या, मापात न बसणाऱ्या कपड्यांचे उल्लेख इतक्या वेळा का येतात, हेही त्यावरून कळते. ती केवळ गरिबीची वर्णने नाहीत.

म्हणून फुकट वाटपाच्या कल्पनांविषयी मला उत्साह वाटत नाही. २०१५ च्या सुमारास इराणमध्ये सुरू झालेली ‘माणुसकीची भिंत’ नंतर महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत उभी राहिली. नको ते टांगा, हवे ते घ्या. कल्पना सज्जनपणाची आहे. देणारा आणि घेणारा समोरासमोर येत नाहीत हा तिचा गुणही आहे. पण भररस्त्यात भिंतीवरचा शर्ट काढून घेणारा माणूस सगळ्यांना दिसतोच, आणि पाऊस पडला की ती भिंत उकिरड्यासारखी दिसू लागते, कारण तिथे निवडणारे, घड्या घालणारे कुणी नसते. याहून अधिक विचार अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ने केला आहे. १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून त्यांनी सुरुवात केली. गावकरी रस्ता, विहीर, पूल असे गावाचे काम ठरवून करतात आणि त्याच्या मोबदल्यात कपडे मिळवतात, ही त्यांची पद्धत. २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो कपडे गोळा केले म्हणून नव्हे, कापडाकडे पाहण्याची रीत बदलली म्हणून, असे मी समजतो.

दुकान हेच वेगळ्या मार्गाने करते. किमतीची चिठ्ठी लागली की वस्तू ‘उतरलेली’ राहत नाही, ती विक्रीला असते. तीस रुपयांचा रेनकोट उलटसुलट करून पाहता येतो, ‘वीसला द्या’ म्हणता येते, आणि नाक मुरडून निघूनही जाता येते. घासाघीस हा गिऱ्हाइकाचा अधिकार आहे, याचकाचा नव्हे. शिवाय ज्या दुकानात बंगल्यातली बाई आणि तिच्याकडे धुणेभांडी करणारी बाई एकाच दांडीवरचे कपडे चाळतील, त्या दुकानाचे लोणावळ्याच्या बाजारपेठेत काय स्वागत होईल, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे. तिशीत नव्याने आरंभ करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मुरलीधर देवीदास आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हा ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. पण हे उदाहरण इतके उत्तुंग आहे की माझ्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग नाही. तिला घर सोडायचे नाही. रानात जायचे नाही. तिला मंगळवारी दहा वाजता कुठेतरी आपली वाट पाहिली जावी असे वाटते, इतकेच.

तिच्या अधिक जवळची आहेत ती रमाबाई रानडे. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आत होत्या. मुंबई सोडून त्या पुण्यास आल्या आणि काही काळ जवळजवळ कोंडून घेतल्यासारख्या राहिल्या. पुढे येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या, रुग्णालयांत जाऊ लागल्या. पद नाही, वेतन नाही. आजारी बायकांपाशी बसणे, बोलणे, फळे-फुले नेणे. सेवासदन नंतरचे, मुंबईचे १९०८ चे आणि पुण्याचे १९०९ चे. म्हणजे संस्थेच्या आधी अनेक वर्षे लहानसहान, नाव नसलेली कामे आहेत, आणि मला वाटते की त्या कामांनीच त्यांना पुन्हा उभे केले.

पण हे आपल्याला रमाबाईंकडून कळत नाही. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, सेवासदन सुरू झाल्यानंतर. आणि तरीही ते न्यायमूर्तींच्या निधनापाशी संपते. मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या पुस्तकाच्या शीर्षकातील ‘आमच्या’ या शब्दावर पुष्कळ विचार केला आहे. मला त्याहून बोलके वाटते ते शेवटचे कोरे पान. ‘आमचे’ आयुष्य संपले आणि ‘माझे’ सुरू झाले तिथे पुस्तक थांबले. पहिल्या दिवशी तुरुंगाच्या दारात उभे राहताना त्यांना काय वाटले, परत येताना बरे वाटले की नाही, हे लिहायला त्या काळच्या विधवेला भाषाच नव्हती. चरित्रकारांनी नंतर ती जागा ‘सेवे’ने भरली. सेवा करणाऱ्याची गरज त्या शब्दात मावत नाही.

अनुताई वाघांचेही तसेच. जन्म १९१०, मोरगावचा. बालपणीच वैधव्य. पुण्यातली शिक्षिकेची स्थिर नोकरी सोडून १९४५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावर नेली. महागड्या मॉण्टेसरी साहित्याऐवजी शंख, शिंपले, बिया, खडे वापरले. पुढे कोसबाडची टेकडी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. पाठ्यपुस्तकांत याला त्याग म्हणतात. बालविधवेचे ठरलेले आयुष्य बाजूला सारून स्वतः निवडलेल्या कामात पुढची जवळजवळ पन्नास वर्षे रमलेल्या बाईने नेमके कशाचा त्याग केला, हा प्रश्न मी वर्गात विचारतो. मुले गोंधळतात. गोंधळावेच.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. फुकट काम करायला सांगायचे कुणाला? पुन्हा बाईलाच? जिने दहा वर्षे घरात बिनपगारी काम केले तिला आता दुकानात बिनपगारी उभी करायची, आणि त्याला ‘नवा आरंभ’ म्हणायचे? आक्षेप बिनतोड आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. ज्या घरात महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत तिथल्या बाईला हा सल्ला देणे निर्लज्जपणाचे होईल. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आमचे सहकारी पाहिल्यावर अल्प मोबदल्याच्या कामाचे गोडवे गाण्याची इच्छाही होत नाही. म्हणून दुकान चालवणारी संस्था खरोखर धर्मादाय हवी, हिशेब भिंतीवर लावलेला हवा, व्यवस्थापकाला पगार हवा, आणि ती जागा रिकामी झाली की गल्ल्यावरच्या माणसाचा विचार आधी व्हावा. दुसरी बाजू बोहारणीची. मुंबईत या धंद्यावर देवीपूजक समाजातली अनेक कुटुंबे जगली. आमच्या सत्कर्माने तिचे पातेले रिकामे राहणार असेल तर तिच्याकडूनच माल घ्यावा. कापडाची पारख तिला आमच्यापेक्षा नक्कीच अधिक आहे.

आणि पुस्तके. एखादे जुने प्राध्यापक वारतात, घर रिकामे करायचे असते, आणि आयुष्यभर जमवलेला संग्रह रद्दीच्या काट्यावर जातो. किलोच्या भावात. त्या ढिगात पहिल्या आवृत्त्या असतात, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक असतात, समासात शिसपेन्सिलीने लिहिलेली भांडणे असतात. रद्दीवाल्याचा दोष नाही, त्याला वजन करायचे असते. पण ‘सत्यकथे’चा सुटा अंक आणि स्पर्धा परीक्षेचे जुने मार्गदर्शक यांतला फरक पाहताक्षणी सांगू शकेल असा माणूस त्या क्षणी तिथे असेल, तर किती वाचेल! एम. ए. मराठीचा उपयोग काय, असे पालक प्रवेशाच्या वेळी विचारतात. मी इतकी वर्षे संस्कृती, संवेदना असे काहीतरी पुटपुटत आलो. यापुढे मी हे सांगणार आहे.

विद्यार्थिनीला मी हे सगळे अजून सांगितलेले नाही, कारण दुकानच नाही. गावात जागा मिळणे अगदी अशक्य नाही. पावसाळ्यानंतर गाळे रिकामे पडतात. मे-जूनमध्ये सुरुवात केली तर मालाची चिंता नाही. नव्याने आलेल्या मुलांना बादली, गादी, टेबल हवे असते, आणि लोणावळ्याच्या पावसात रेनकोट तर सर्वांनाच लागतो. तिला विचारले तर पहिला प्रश्न ती कोणता विचारील, तेही मला ठाऊक आहे. किमती कोण ठरवणार?