पेढीवरचा छोटा संगणक : सुधारावा की बदलावा?



दीपावलीच्या वहीपूजनात आता अनेक पेढ्यांवर लाल वहीच्या शेजारी संगणकालाही गंध-अक्षता वाहतात. हा संगणक पूर्वीसारखा अवजड पेटीचा उरलेला नाही. जाड पोथीएवढा त्याचा आकार. तो गल्ल्याच्या कडेला किंवा पडद्याच्या पाठीमागे सहज सामावतो. जागा अडवत नाही आणि वीजही बेताची घेतो, म्हणून तो व्यापाऱ्याच्या मनास येतो. प्रश्न उभा राहतो तो काही वर्षांनी, जेव्हा तो संथ होऊ लागतो.

एका स्नेह्यांच्या कापडाच्या पेढीवर नुकताच हा प्रसंग आला. संगणक २०१७ सालचा. बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत असे. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, हा काढून नवाच घेऊ या.” वडिलांचे उत्तर ठरलेले, “अरे, चालतो आहे तोवर खर्च कशाला?” विचार केल्यास दोघांच्याही म्हणण्यात अर्धे तथ्य होते.

प्रथम वडिलांची बाजू पाहू. अशा छोट्या संगणकाचे झाकण उघडले की दोन गोष्टी बहुधा बदलता येतात. पहिली साठवणूक. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा अन्य कशानेही पडत नाही. दुसरी स्मृती, म्हणजे रॅम. येथे लॅपटॉपमध्ये असते तशीच आखूड पट्टी लागते. चार जीबीची आठ किंवा सोळा केल्यास हिशेब, ई-मेल आणि जीएसटीचे संकेतस्थळ एकाच वेळी उघडे ठेवता येते. मात्र डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ ची पट्टी बसत नाही. म्हणून खरेदीपूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावरील अक्षरे वाचावीत. कापडाच्या दुकानात पंख्यात तंतू अडकून यंत्र तापते व मंदावते. त्यामुळे खर्च करण्याआधी एकदा आतील धूळ काढून पाहावी.

आता चिरंजीवांची बाजू. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलचा विचार करता, सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्नेह्यांच्या यंत्रात सातव्या पिढीचा होता. एसएसडीने त्याला वेग आला असता, पण सुरक्षा मिळाली नसती. आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे वेगापेक्षा सुरक्षा मोठी.

नवा घेताना आणखी एक ध्यानात ठेवावे. काही छोट्या संगणकांत नंतर काहीच वाढविता येत नाही. ॲपलच्या मॅक मिनीचा इतिहास याबाबतीत बोलका आहे. २०१२ च्या नमुन्याचे तळाचे झाकण हाताने फिरवून घरच्या घरी रॅम बदलता येत असे. २०१४ मध्ये ती मुख्य पटलावर कायमची जोडली गेली. २०१८ मध्ये पुन्हा बदलण्याजोगी झाली, आणि २०२० च्या एम-१ नमुन्यापासून ती प्रोसेसरच्याच संचात सामावली. म्हणजे खरेदीच्या दिवशी घेतली तेवढीच रॅम शेवटपर्यंत. यंत्र उत्तम असले तरी टॅली विंडोजसाठी घडविलेली असल्याने पेढीने आधी आपली गरज पाहावी. आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, दोन रॅम-खाचा असलेला आणि एसएसडीची जागा असलेला छोटा संगणक बहुतेक दुकानांना पुरेसा होतो.

स्नेह्यांनी शेवटी मधला मार्ग काढला. चालू हिशेबासाठी असा संगणक घेतला, आणि जुन्यात एसएसडी घालून तो इंटरनेटपासून तोडून मागील वर्षांची खाती पाहण्यासाठी ठेवला. हे योग्यच झाले; कारण जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. तरीही एकाच यंत्रावर विसंबू नये. एक प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती पेढीऐवजी घरी ठेवावी. ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. यंत्र पुन्हा विकत मिळते, तीस वर्षांच्या उधारी-वसुलीची नोंद मिळत नाही.

शेवटी मनाची गोष्ट. पुढच्या वर्षी याहून वेगवान नमुना येईल ही आशा कधी संपत नाही, कारण पुढचे वर्ष नेहमीच पुढे असते. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात शेत, घर, सोने, धन, धान्य इत्यादींचे ठरविलेले प्रमाण ओलांडणे हा त्या व्रताचा अतिचार सांगितला आहे. त्या यादीत संगणक नसला तरी तत्त्व तेच आहे : आधी गरज ठरवावी, मग वस्तू. परिमाण म्हणजे कंजुषी नव्हे. गरज असूनही न घेणे आणि गरज नसताना घेणे, दोहोंतही विवेक सुटतो.

आणि टाकायचाच झाला, तर यत्नाचार विसरू नये. तांब्यासाठी उघड्यावर जाळलेल्या तारांचा धूर व मातीत मुरणारे शिसे कितीतरी जीवांना बाधते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुने यंत्र भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे, आणि देण्यापूर्वी आतील डिस्क काढून घ्यावी. पार्टीची खाती ही आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. तिचे रक्षण हाही व्यापाऱ्याचा धर्मच होय.