आणि, किंवा, नाही

आमच्या जिन्याला दिवा एक आणि बटणं दोन. एक खाली, एक वर. खालून दिवा लावायचा, वर जाऊन बंद करायचा. लग्न होऊन या घरात आले त्याला २२ वर्षं झाली, रोज हे करतेय. पण एकच दिवा दोन बटणांचं कसं ऐकतो, हा प्रश्न कधी पडला नाही. वायरमनचं काम, आपल्याला काय करायचंय!

तो प्रश्न पडला बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या मुलीमुळे. ती बारावीला आहे. घरी एकच खोली, म्हणून संध्याकाळी अभ्यासाला आमच्याकडे येते. एकदा गणिताचं पुस्तक उघडून नुसतीच बसली होती. मी आधीच सांगून टाकलं, "मला नको हं विचारूस, मी बी. ए. मराठी." तर म्हणते, "काकू, यात बेरीज-वजाबाकी नाहीच. वाक्यं आहेत. आणि बघा ना, पुस्तकावर 'आर्ट्स अँड सायन्स' असं लिहिलंय." खरंच तसं छापलेलं होतं. माझी पळवाटच बंद झाली!

मग बसलो दोघी. वाक्य खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. तसंच बटण चालू तर १, बंद तर ०. दोन बटणं एकाच तारेवर एकामागे एक असली की ती 'आणि'ची जोडणी. घरातला मेन स्विच आणि खोलीतलं बटण, दोन्ही चालू असतील तरच दिवा लागतो. दोन बटणं दोन वेगळ्या वाटांवर असली की 'किंवा'. पुढच्या दाराचं बटण दाबा किंवा मागच्या दाराचं, बेल वाजतेच. दोन्ही एकदम दाबली म्हणून दुप्पट वाजत नाही. म्हणून इथे १ अधिक १ बरोबर १! आमच्या शाळेत असं लिहिलं असतं तर छडीच मिळाली असती.

तिसरा शब्द 'नाही'. चालूचं बंद, बंदचं चालू. एवढ्या तीन शब्दांवर सगळा डोलारा. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आम्ही चार ओळींचा तक्ता केला आणि जिन्यात उभं राहून एकेक बटण दाबून पाहिलं. आमच्याकडे दिवा लागतो तो दोन्ही बटणं दाबलेली असली तर, किंवा दोन्ही दाबलेली नसली तर. एक फिरवलं की जोडी मोडते, दिवा विझतो. दुसरं फिरवलं की पुन्हा जुळते. आमचे हे वरून ओरडले, "दिव्याशी काय खेळताय?" आम्ही दोघी हसत सुटलो.

हे गणित मांडलं जॉर्ज बूल यांनी. १८१५ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही, स्वतःच शिकला आणि पुढे आयर्लंडमध्ये कॉलेजात प्राध्यापक झाला. १८५४ मध्ये त्यांनी विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात दाखवलं, की हेच नियम विजेच्या स्विचांना लागू पडतात. तीन बटणांचं काम कधी एका बटणात भागतं, हे तारा न जोडता कागदावरच कळतं. आजचे कॉम्प्युटर आणि मोबाइल याच पायावर उभे आहेत.

मला मात्र जास्त भावली ती त्यांची बायको. मेरी बूल ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हो, ज्यांचं नाव शिखराला दिलं तेच. १८६४ मध्ये नवरा गेला तेव्हा ती ३२ वर्षांची, पदरात पाच मुली. लंडनच्या मुलींच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली, मुलांना गणित शिकवण्यावर पुस्तकं लिहिली, सुईदोऱ्यानं कार्डावर वक्ररेषा विणायला शिकवल्या. तिची मुलगी अ‍ॅलिशिया कधी कॉलेजात गेली नाही. संसार सांभाळून, पुठ्ठ्याचे आकार करत ती भूमितीत रमली आणि १९१४ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली.

'आपण बायका स्वयंपाकघरात रोज तर्कच लढवतो' असं म्हटलं की टाळ्या मिळतात. पण मनात असणं वेगळं आणि कागदावर मांडता येणं वेगळं. मागे एका बाईबरोबर अर्ज द्यायला गेले होते. नियम होता, रेशनकार्ड किंवा वीजबिल, आणि सोबत आधार. खिडकीवर तिन्ही मागितले. भाड्याच्या खोलीत राहणारी ती, तिच्या नावाचं बिल कुठून आणणार? दोनदा परत आली होती. मी तिथंच कागदावर कंस घालून लिहिलं, (रेशनकार्ड किंवा वीजबिल) आणि आधार. म्हटलं, साहेब, 'किंवा'ला दोन्ही लागत नाहीत. अर्ज घेतला गेला. एवढ्यासाठी बूल कशाला हवा, असं कुणी म्हणेल. पण पूर्वीची मी 'साहेब म्हणतात म्हणजे असेल' म्हणून निमूट परत फिरले असते.

म्हणून वाटतं, 'तुला कुठे गणित लागणार आहे' हे वाक्य आपण आयांनीच आधी घरातून हद्दपार करावं. या मुलीला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय. वडील म्हणतात, "बघू." आई म्हणायची, "इतकं करून शेवटी पोळ्याच लाटायच्या." परवा ती लेकीला न्यायला आली, तर मी तिला जिन्यात उभी केली आणि तक्ता हातात दिला. चारही ओळी तिनं स्वतः बटणं दाबून पडताळल्या. मग लेकीला म्हणाली, "उद्या मला पण नीट सांग गं."

वडिलांचं 'बघू' अजून आहेच. पण आता त्या घरात प्रश्न विचारणाऱ्या दोघीजणी झाल्यात.