सिकाई संपल्यावर

गाझियाबादच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक गृहिणी डोळ्यांसमोर आणा. यजमानांची केंद्र सरकारातली नोकरी, त्यामुळे निम्मे आयुष्य दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेले. दीड वर्षापूर्वी त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. पाच आठवडे रोज रुग्णालयाच्या फेऱ्या, आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध आणि शेवटी ‘अंदर की सिकाई’. उत्तरेकडे रुग्णांच्या तोंडी किरणोपचारांना हाच शब्द आहे. आपल्याकडे ‘लाइट दिली’ किंवा ‘शेक दिला’ म्हणतात. गाठ गेली असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका सकाळी शौचाच्या वेळी रक्त पडते. बाईंच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की रोग परत आला. भीतीने त्या चार दिवस कोणाला सांगतच नाहीत. शेवटी जाऊबाईंच्या कानावर घालतात, तर जाऊबाई म्हणतात, ‘‘अहो, मूळव्याध असेल. एवढं काय घाबरता? माझ्या भावालाही झालं होतं.’’ आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चूर्णाचा डबा येतो.

या दोन्ही समजुती चुकीच्या असू शकतात. किरणोपचारांचे काही परिणाम उपचार चालू असतानाच दिसतात. जुलाब, लघवीची जळजळ, थकवा हे त्यांपैकी. ते बहुतेक काही आठवड्यांत ओसरतात. पण काही परिणाम सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनीही डोके वर काढतात. उपचार संपून घरी जाताना हातात औषधांची चिठ्ठी असते. या दुसऱ्या परिणामांविषयी कोणी नीट सांगितलेले असतेच असे नाही. सांगितले असले तरी त्या वेळी ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण असते?

भारतात २०२२ साली या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे बऱ्याच जणी उशिरा येतात. गाठ वाढलेली असली की शस्त्रक्रियेपेक्षा किरणोपचार आणि त्यांच्या जोडीला औषध हाच मुख्य उपाय ठरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ६३५ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आधी औषध देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या गटात पाच वर्षांनंतर शंभरातल्या सुमारे ६९ स्त्रिया रोगमुक्त होत्या. किरणोपचार आणि औषध एकत्र दिलेल्या गटात सुमारे ७७. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते वाचून कोणी ‘सिकाई नकोच’ असे ठरवू नये. जीव वाचवणारा उपचार तोच आहे.

मग त्रास का होतो? गर्भाशयाचे तोंड ओटीपोटात अगदी दाटीवाटीच्या जागी असते. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, खाली योनिमार्ग, वर आतड्यांची वेटोळी, बाजूला अंडाशय आणि माकडहाडाजवळची हाडे. बाहेरून दिलेले किरण यातल्या प्रत्येकाला थोडाफार स्पर्श करून जातात. आतली सिकाई म्हणजे गर्भाशयात आणि योनीत बारीक नळ्या बसवून त्यांतून इरिडियमचा एक चिमुकला कण काही मिनिटे आत सोडायचा आणि परत काढून घ्यायचा. त्याचा जोर थोड्याच अंतरावर झपाट्याने कमी होतो, म्हणून गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि शेजाऱ्यांना कमी. पण मूत्राशय आणि गुदाशय अगदी भिंतीला भिंत लावून असतात. किरण लागलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात आणि मऊ पेशींच्या जागी राठ तंतू तयार होतात. रक्तपुरवठा घटतो. जुन्या वाहिन्या बंद पडल्या की वरच्या त्वचेत नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त झिरपते. हे सगळे सावकाश चालते, म्हणूनच त्रास उशिरा दिसतो.

गाझियाबादच्या त्या बाईंना होते आहे ते बहुधा हेच. गुदाशयातला रक्तस्राव साधारणपणे उपचारांनंतर सहा महिने ते दोन वर्षांत सुरू होतो. अनेकींचा तो थोडाच असतो आणि पोट साफ राहील असा आहार घेतला की आपोआप कमीही होतो. जास्त असेल तर सुक्रालफेट हे औषध एनिमातून देतात. अल्सरवरचे हे जुने, स्वस्त औषध. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी १९९१ साली ३७ रुग्णांवर त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगभर त्याचा उपयोग होऊ लागला. त्यानेही भागले नाही तर दुर्बिणीतून आरगॉन वायूच्या साहाय्याने त्या नाजूक वाहिन्या जाळून बंद करता येतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रक्त पाहून नवा डॉक्टर दुर्बीण घालतो, गुदाशयाची पुढची भिंत लालभडक दिसते आणि तपासणीसाठी तिचा तुकडा घ्यावासा वाटतो. एरवी हे योग्यच. पण किरण लागलेल्या त्या भिंतीला रक्तपुरवठा तोकडा असतो. तिथली जखम भरत नाही, चिघळते आणि कधी गुदाशय व योनी यांच्यामध्ये भोक पडते. मग शौच योनीवाटे येऊ लागते, त्यासाठी पोटावर पिशवी लावण्याची वेळ येते. मूळव्याध समजून घाईने केलेली शस्त्रक्रियाही अशीच अंगाशी येऊ शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांनी तपासायला सुरुवात करण्याआधी ‘मला किरणोपचार झाले आहेत’ हे बाईंनी स्वतः सांगितले पाहिजे. लाजेपोटी ‘मागे जरा ऑपरेशन झालं होतं’ असे मोघम बोलून चालणार नाही. अर्थात रक्ताचे कारण दुसरेही असू शकते, रोग उलटलेलाही असू शकतो. ते ठरवायचे काम उपचार केलेल्या डॉक्टरांचे. घरी बसून ठरवायचे नव्हे.

मूत्राशयाचा त्रास याहूनही उशिरा येतो. वारंवार लघवी, घाई, कधी लाल लघवी. दहा-पंधरा वर्षांनी तो सुरू झाला तर सिकाईची आठवणही कोणाला राहिलेली नसते. आणखी एक छुपा त्रास म्हणजे मूत्रनलिका आकसणे. त्यात दुखत नाही, पण मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. म्हणून सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी मधूनमधून होणे बरे.

आता ज्या विषयावर कोणी बोलत नाही तो. किरणोपचारांनंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो आणि लांबीनेही कमी होतो. काळजी घेतली नाही तर त्याच्या भिंती एकमेकींना चिकटून तो जवळजवळ बंद होऊ शकतो. मग नवराबायकोचे संबंध तर अशक्य होतातच, पण डॉक्टरांना आत तपासणी करून रोग उलटला आहे की नाही हे पाहणेही कठीण होते. ‘आता या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजू लक्षात घ्यावी. उपाय अगदी साधा आहे. सुरुवातीची आग थांबली की, म्हणजे साधारण महिनाभराने, डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर नावाची गुळगुळीत नळी जेली लावून आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे आत ठेवायची. संबंध सुरू केले तरी तोच परिणाम साधतो. सुरुवातीला थोडे रक्ताचे डाग दिसू शकतात. जास्त रक्त गेले तर मात्र दाखवायला हवे.

यात पुरुषांच्या मनातली भीतीही आड येते. बायकोला हात लावला तर कर्करोग आपल्याला लागेल, किंवा तिच्या अंगातले किरण आपल्याला बाधतील, असे अनेकांना वाटते. दोन्ही खोटे. कर्करोग स्पर्शाने लागत नाही आणि यंत्र बंद झाले, तो कण बाहेर काढला की शरीरात किरण उरत नाहीत. हे डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितले तर किती घरांतला अबोला सुटेल!

तरुण स्त्रियांचा प्रश्न निराळा. पस्तिशीत सिकाई झाली की अंडाशये काम थांबवतात आणि पाळी एकदम जाते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड ही रजोनिवृत्तीची सगळी लक्षणे पंधरा वर्षे आधी येतात, हाडेही ठिसूळ होऊ लागतात. या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात संप्रेरकांची औषधे द्यायला सहसा हरकत नसते. अनेकजणी ‘कर्करोग म्हणजे हार्मोन बंद’ असे धरून निमूट सोसत राहतात. विचारायला काय हरकत आहे? मूल हवे असेल त्यांनी मात्र उपचार सुरू होण्याआधीच बोलले पाहिजे, नंतर फार थोडे हाती उरते.

ओटीपोटाच्या हाडांना कधी बारीक तडे जातात. कंबरेखाली दुखू लागते, स्कॅनमध्ये डाग दिसतो आणि रोग हाडांत पसरला अशी घबराट उडते. पण अनुभवी डॉक्टर तड्यांचा नमुना ओळखतात. विश्रांती, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने ते बहुधा भरून येतात.

हे सारे प्रत्येकीला होते असे नाही. एमआरआयच्या आधारे आतली सिकाई केलेल्या १,४१६ स्त्रियांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांत गंभीर स्वरूपाचा त्रास मूत्रमार्गाचा शंभरात सुमारे सात, आतड्यांचा सुमारे साडेआठ, योनिमार्गाचा सहाच्या आसपास स्त्रियांना झाला. यंत्र सुधारले की फरक पडतो हेही सिद्ध झाले आहे. टाटा रुग्णालयातच शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांवरील अभ्यासात जुन्या पद्धतीने आतड्यांचे उशिराचे त्रास तीन वर्षांत शंभरात ४२ जणींना झाले. आतडी वाचवत किरण वळवणाऱ्या नव्या पद्धतीने ते २१ जणींना झाले, आणि रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण सारखेच राहिले. उपचार ठरवताना कोणत्या पद्धतीने देणार, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. तंबाखू किंवा मिश्री असेल तर ती तेव्हाच सुटली पाहिजे, धूम्रपान तर नक्कीच. त्याने हे त्रास वाढतात.

दिल्लीची खरी अडचण वेगळीच आहे. एम्सचे रोटरी कॅन्सर हॉस्पिटल, समोरचे सफदरजंग, रोहिणीतले राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट, दिलशाद गार्डनची सरकारी संस्था, २०१९ पासून हरियाणात झज्जरजवळ बाढसा इथली एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था, अशी रुग्णालये इथे आहेत. उपचारांना बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानातून माणसे येतात. दोन महिने धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत काढतात आणि गावी परततात. पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी दाखवायला या, असे सांगितलेले असते. पण गाडीभाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला की दुसऱ्याच फेरीला खंड पडतो. नोएडा-गुरुगावच्या मध्यमवर्गीय घरांतही बदली झाली, मुलाकडे पुण्याला गेल्या, की तोच प्रकार. उशिराचा त्रास सुरू होतो तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरांना किती मात्रा दिली, कुठे दिली, काहीच ठाऊक नसते.

हा सगळा मजकूर एका कागदावर असतो. बाहेरून किती ग्रे, किती दिवसांत. आतून किती वेळा, प्रत्येक वेळी किती. सुरुवात आणि शेवट कोणत्या तारखेला. उपचार संपताना तो मागून घ्यावा आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवाव्यात. आता मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवणेही सोपे आहे.

गाझियाबादच्या बाईंची फाइल सूनबाईंना कपाटात रेशन कार्डाखाली सापडते. दोघी सकाळीच मेट्रोने दिल्ली गाठतात. डॉक्टर कागद वाचतात, बोटाने तपासतात, दुर्बिणीतून पाहतात, तुकडा घेत नाहीत. रक्ताची तपासणी लिहून देतात, एनिमाचे औषध देतात, महिन्याने परत बोलावतात. मग सूनबाईंना जरा बाहेर थांबायला सांगून आणखी एक प्रश्न विचारतात. दीड वर्षात हा प्रश्न बाईंना कोणीच विचारलेला नसतो. आधी त्या मान खाली घालतात आणि मग हळूच खुर्ची पुढे ओढतात.