सुप्याची चांदी, लंडनचे सोने

बारामती तालुक्यातील सुपे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ या मथळ्याखाली भेटते. 12 मे 1875 रोजी भर बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जरोख्यांची होळी झाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. सरकारने आयोग नेमला, 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि बोट दाखवले ते मुख्यतः सावकाराच्या वहीकडे. परंतु शेतकरी सावकाराच्या दारी गेला कशासाठी? शेजारच्या इंदापुरात 1836 मध्ये ठरलेल्या जमाबंदीची मुदत 1867 मध्ये संपली आणि सारा वाढवण्यात आला. तिकडे अमेरिकेतील यादवी युद्ध थांबताच कापसाचा चढा भाव कोसळला. पिकाचा भाव काहीही असो, सारा मात्र रोख रुपयांतच भरावा लागे. आणि रुपया पाडण्याचा अधिकार होता परकीय सरकारकडे!

या शेतकऱ्याची बँक त्याच्या घरातच होती. कारभारणीच्या हातातले गोठ, पायातले तोडे, लेकराच्या पायातले वाळे ही त्याची ठेव. ती चांदीची होती आणि रुपयाही चांदीचा होता, वजनाने एक तोळा. टांकसाळ सर्वांना खुली असल्यामुळे किरकोळ मजुरी वजा जाता तोळाभर चांदीचा जवळजवळ एक रुपया होत असे. भीमथडी-इंदापूर होरपळून काढणाऱ्या 1876-77 च्या दुष्काळात लोकांनी अंगावरचे दागिने मोडले आणि मुंबईच्या टांकसाळीकडे मोडीच्या चांदीची रीघ लागली. त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम निघाले. ज्यांनी तो खणला, त्यांच्या घरी मोडण्याजोगे काही उरले नव्हते.

26 जून 1893 रोजी सरकारने चांदीसाठी टांकसाळीचे दार लावले. जगात चांदी स्वस्त होत होती, रुपयाचा दर घसरत होता आणि इंग्लंडला पाठवावयाच्या रकमेसाठी हिंदुस्थान सरकारला दरवर्षी अधिकाधिक रुपये मोजावे लागत होते. उपाय सोपा निघाला. रुपया दुर्मिळ करा, म्हणजे तो महाग होईल! परिणाम काय झाला? पुन्हा दुष्काळ आला तो 1896-97 मध्ये, आणि लगेच 1899-1900 मध्ये. या वेळी रुपयाचा भाव 16 पेन्स आणि त्या रुपयातल्या चांदीचा भाव सुमारे 10 पेन्स होता. साऱ्याचा रुपया भरण्यासाठी तोळाभर नव्हे, दीड तोळ्याहून अधिक चांदी मोडावी लागत होती. घरातली ठेव कोणी चोरली नव्हती. एका हुकुमाने तिच्यातला तिसरा हिस्सा उडाला होता.

तो गेला कोठे, याचा माग लागतो. स्वस्त चांदी घेऊन महाग रुपया पाडला की मधला नफा सरकारचा. या नफ्यातून 1900 पासून ‘सुवर्ण परिमाण निधी’ उभा राहिला. फौलर समितीच्या मनात हा साठा सोन्याच्या रूपाने हिंदुस्थानात राहावा असे होते. प्रत्यक्षात तो लंडनला गेला आणि ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतला. नाव सुवर्णाचे, कागद ब्रिटनचा! इंडिया ऑफिसात नोकरी केलेल्या केन्स यांनी 1913 च्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली. तिचे वाभाडे काढले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, 1923 च्या आपल्या प्रबंधात. रुपये किती पाडावेत याला या पद्धतीत मर्यादा नाही, सारे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर, हा त्यांचा मुद्दा होता. आमच्या तथाकथित अर्थपंडितांना केन्स तोंडपाठ असतात. बाबासाहेबांचे हे पुस्तक त्यांच्यापैकी कितींनी उघडले असेल?

याच पुणे-सुपे जहागिरीतून उभ्या राहिलेल्या स्वराज्याचा पाठ वेगळा होता. 1674 मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आला. आमचे नाणे आपल्या मुलखात चालावे, असे एक कलम त्याच्या मागण्यांत होते. शिवछत्रपतींनी ते मानले नाही. ज्या नाण्यात प्रजेचा तोटा, ते घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कसाला व वजनाला उतरेल तर मनाई नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. आणि स्वराज्याचा होन रायगडावर पडला तो सोन्याचा.

चांदीनंतर सोन्याची पाळी आली. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले, पण रुपया 18 पेन्सांना पौंडाशी बांधलेलाच ठेवला. शेतमालाचे भाव गडगडलेले, सारा तोच, आणि सोन्याला चढा भाव. खेडोपाडी मंगळसूत्रापर्यंतचे मोडून लोकांनी देणी भागवली. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. निर्यातबंदीची मागणी सरकारने फेटाळली. ब्रिटनचे अर्थमंत्री चेंबरलेन यांनी मात्र खासगी पत्रात या ओघाबद्दल आनंद व्यक्त केला.

स्वातंत्र्यानंतर तरी दृष्टी पालटावी? मोरारजी देसाईंच्या 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटवरील दागिने घडवण्यास बंदी केली आणि गावोगावचा सोनार देशोधडीला लावला. सरकारच्या लेखी घरातले सोने म्हणजे निरुपयोगी माती! पण 1991 मध्ये गंगाजळीत दोन आठवड्यांच्या आयातीपुरतेच चलन उरले, तेव्हा हीच माती कामी आली. मे महिन्यात जप्तीचे 20 टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण पडले. मिळाले सुमारे 60 कोटी डॉलर. कर्ज त्याच वर्षी फिटले. सोने परत आणण्याची निकड मात्र कोणाला वाटली नाही!

2009 मध्ये नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले गेले, हे उचित झाले. तरीही मार्च 2023 अखेर 795 टनांपैकी देशात होते 301 टन. यावर ठरलेले उत्तर असे, की सोने लंडनला असले की संकटात झटपट तारण ठेवता येते, विकता येते. थोडा हिस्सा त्यासाठी ठेवण्यास कोणाचा विरोध नाही. पण निम्म्याहून अधिक? व्हेनेझुएलाने 2018 मध्ये बँक ऑफ इंग्लंडकडे आपले सोने मागितले, ते नाकारले गेले. 2022 मध्ये रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. रशियाचे त्या वेळी काय चुकले वा नाही, हा येथे प्रश्न नाही. भांडार परक्याच्या घरी असेल तर किल्लीही त्याच्याच हाती असते, हे दोन्ही ठिकाणी दिसले.

सुदैवाने वारे फिरले आहे. मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेच्या सुमारे 880 टनांपैकी 512 टन सोने देशातील तिजोऱ्यांत होते. उरलेल्यातले 348 टन बँक ऑफ इंग्लंड आणि बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेकडे होते. दिल्लीत जो कोणी अर्थमंत्री असेल, त्याला या 348 टनांचा हिशेब आता बारामती-इंदापूरच्या मतदारानेही विचारावा.