तणनाशकाला तण कळत नाही

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांचं दीड तास भाषण झालं. विषय आरोग्याचा होता, पण त्यांचा सगळा रोख एका शब्दावर होता: निवडक. निवडक परिणाम करणारं औषध नावाची गोष्टच नसते, असं त्यांचं म्हणणं. गोळी पोटात गेली की रक्तात उतरते, रक्त अंगभर फिरतं. मग ती एकाच जागी काम करते असं सांगणं ही शुद्ध धूळफेक. निसर्ग भेदभाव करत नाही, पाऊस सगळ्यांच्या शेतावर सारखा पडतो, निवडत बसणं हा माणसाला जडलेला रोग आहे. म्हणून उपचार सर्वंकष हवा. अँटिबायोटिक घ्यायचंच झालं तर सगळ्या जंतूंचा एकदम फडशा पाडणारं घ्यावं, तपासण्यांच्या फंदात पडू नये. सभागृहात टाळ्या पडल्या. मी तीस वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. त्या टाळ्या मला झोंबल्या आणि अजून झोंबताहेत.

पावसाचं आधी उरकते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास असतो, आणि दोन्हींमध्ये सरळ रेषेत १०० किलोमीटरही अंतर नाही. महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, माण त्याच्या पर्जन्यछायेत. माणमधल्या बाईने टँकरखाली हंडा धरलेला ज्याने पाहिला आहे, त्याने पाऊस सारखा पडतो असं म्हणू नये.

गोळी अंगभर जाते, हे मात्र खरं आहे. कोणी नाकारलं आहे? जाणं वेगळं आणि धरणं वेगळं. पेनिसिलिन तुमच्या-आमच्या पेशींजवळूनही जातं, पण त्याचं काम जंतूची पेशीभित्तिका विणणाऱ्या यंत्रणेशी आहे आणि आपल्या पेशींना ती भिंतच नाही. धरायला काही नसेल तर ते पुढे जातं.

आता त्यांच्या लाडक्या वाक्याकडे येते: निसर्ग भेदभाव करत नाही. हे वाक्य उच्चारताना वक्त्यांचं हृदय ज्या यंत्रणेवर धडधडत होतं, ती यंत्रणा म्हणजे निव्वळ निवड आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात पोटॅशियमसाठी बारीक मार्ग असतात. त्यांतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, सोडियमचे जवळजवळ नाहीच. दोघांवर भार तोच, एक धन. मग ओळख पटते कशी? आपल्याला पहिली आठवते ती स्वयंपाकघरातली चाळणी: बारीक खाली, भरड वर. वर्गात मी हा प्रश्न टाकायचे आणि मुलं हमखास तेच उत्तर द्यायची. पण इथे सोडियम लहान आहे. त्याच्या आयनाची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३. ज्या दारातून थोरला आरामात जातो, तिथे धाकट्याला अडवलं जातं. अशी चाळणी कोणत्याही घरात मिळणार नाही.

हे कोडं कित्येक वर्षं तसंच होतं. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूतल्या अशा मार्गाची रचना क्ष-किरणांनी उलगडली, आणि २००३ मध्ये मॅकिनन यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. उत्तर असं निघालं. पाण्यातला आयन कधी उघडा नसतो, पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात. अरुंद जागेतून जायचं तर हे पांघरूण टाकावं लागतं आणि ते टाकायला ऊर्जा पडते. मार्गाच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा बेताने बसवलेले आहेत की पोटॅशियमला वाटेत पाण्याची उणीव भासू नये. एकीकडे पाणी सुटतं, दुसरीकडे ऑक्सिजन तितक्याच जवळून धरतो. लहानखुऱ्या सोडियमला ते अणू लांब पडतात. पाणी सोडून त्याला परवडत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. पोटॅशियमला इथे सोडियमच्या निदान १०,००० पट मोकळीक आहे, आणि एवढी पारख होऊनही एका मार्गातून सेकंदाला सुमारे दहा कोटी आयन जाऊ शकतात. पारख केली की काम रखडतं, असं वक्ते म्हणाले होते. दहा कोटी, एका सेकंदात. ही निवड ढिली पडली तर मज्जातंतूतला संदेश विझतो आणि हृदयाचा ठोका चुकतो. निसर्ग निवडत नाही म्हणणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहावं.

मला दुसऱ्या बाजूचाही तितकाच राग आहे, कारण 'निवडक' हा शब्द 'निर्धोक' म्हणून विकणाऱ्यांनीच अशा वक्त्यांना रान मोकळं करून दिलं. तासगावजवळ माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर बाग नुकती फुटली होती आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या उसात टू-फोर-डी मारलं गेलं. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, हे निवडक आहे, फक्त तण मारतं, पिकाला काही होत नाही. आठ-दहा दिवसांनी भावाने मला बांधाकडच्या ओळीत नेलं. कोवळं पान हातात घेतलं तर ते द्राक्षाचं वाटेना. मिटत आलेल्या पंख्यासारखं अरुंद, कडा दातेरी, शिरा एकमेकींना खेटून समांतर धावणाऱ्या, शेंडे मुरडलेले. भाऊ काही बोलला नाही. त्याने ते पान घडी करून खिशात ठेवलं. त्या वर्षी बांधालगतच्या चार ओळींतून धरण्यासारखा माल निघाला नाही.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, अर्धवट बोलला होता. तणनाशकाला तण कळत नाही. तण हा शेतकऱ्याचा शब्द आहे. टू-फोर-डी झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं; रुंद पानाच्या झाडात त्याने वाढ सैरभैर होते, गवतवर्गीय झाडात ते फारसं पसरत नाही आणि त्याची मोडतोडही होते. म्हणून ऊस वाचतो, गाजरगवत मरतं, आणि वाऱ्यावर आलेल्या थोड्याशा फवाऱ्याने द्राक्षवेल किंवा कापूस वाकडा होतो. मात्रा वाढवली तर ऊसही सुटत नाही.

औषधांचंही असंच आहे. प्रोप्रॅनोलॉल हृदय आणि श्वासनलिका दोन्हीकडच्या ग्राहींना धरतं, म्हणून दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. अटेनोलॉल हृदयाकडे झुकतं, पण मात्रा वाढली की तो झुकाव कमी होत जातो. रोफेकॉक्सिब तर फार काटेकोर निवडणारं होतं. पोटाला त्रास न देता सांधेदुखी कमी करावी म्हणूनच ते आलं, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये मागे घ्यावं लागलं. वक्त्यांनी हे उदाहरण दिलं आणि 'बघा, निवड फसली' म्हणाले. निवड फसली नव्हती. ज्याची निवड केली, त्याचं शरीरात आणखी एक काम होतं.

जंतूंचा एकदम फडशा पाडा या सल्ल्याला एवढंच सांगते: आतड्यातले उपयोगी जिवाणू साफ झाले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलसारखे जंतू माजतात आणि जुलाबांनी माणूस अंथरुणाला खिळतो.

रामबाण या शब्दावरून खूप वर्षांपूर्वी माझा एका सहकाऱ्याशी कडाक्याचा वाद झाला होता. सगळ्या रोगांवर चालतो तो रामबाण, असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, नेमका लागतो तो रामबाण. सगळीकडे लागतो त्याला बाण कशाला म्हणायचं? मी तेव्हा त्यांना पाउल एर्लिकचं उदाहरण दिलं होतं. काही रंग ठरावीक पेशींनाच चढतात हे पाहून, रोगजंतूलाच धरणारं रसायन असू शकेल असं या माणसाला वाटलं. मिथिलीन ब्लू त्याने १८९१ मध्ये हिवतापाच्या रुग्णांना दिलं, १९१० मध्ये उपदंशावर साल्व्हर्सान आणलं. पण मला एर्लिकचं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. औषध किती चांगलं हे तो गुणोत्तराने मोजत असे: बरं करायला किती मात्रा लागते आणि शरीर किती सोसतं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. आम्ही पुढे बरेच दिवस एकमेकांशी बोललो नाही.

माझं म्हणणं त्या गुणोत्तराशीच येऊन थांबतं. निवडक म्हणजे पट. दहा पट, हजार पट, अमुक मात्रेपर्यंत, तमुक शेजाऱ्याच्या तुलनेत. पट न सांगता 'निवडक' म्हणणारा विक्रेता आणि पट न विचारता 'थोतांड' म्हणणारा वक्ता, दोघेही मोजायचं टाळतात. आपल्या भाषेने हा शब्द घरातून घेतला आहे. आई सुपात तांदूळ निवडायची तेव्हा त्यात पक्षपात नव्हता, खडा दाताखाली येऊ नये एवढाच हेतू होता. आणि तिला माहीत असायचं की एखादा राहून जाईल. म्हणून घास सावकाश चावायला सांगायची.

टू-फोर-डी आमच्या गावात अजून मारलं जातं, आणि मारू नये असं माझं म्हणणं नाही. शेजाऱ्यांना त्या चार ओळींचं मनापासून वाईट वाटलं होतं. आता ते फवारणीच्या आदल्या दिवशी भावाला फोन करतात. सकाळी दोघं बांधावर उभं राहून चिमूटभर माती हवेत सोडतात. ती बागेकडे गेली तर पंप त्या दिवशी खांद्यावर चढत नाही.